कट्ट्यातली मधली विडी

बेंगळूरहून आल्यापासून चार दिवस पोरगा भिंतीकडे बघत बसला होता. एवढं शिकून आईशी दोन शब्द बोलायचं कळू नये, याचा तानीबाईला भयंकर राग आला होता. मांडीवर सूप घेऊन विड्या वळता वळता ती कडाडली,

"भिंतीवर पिच्चर लागलाय व्हय रं? माजा भीमसेन बेळगावात प्रोफेसर हुणार, असं अख्ख्या निपाणीला सांगून बसलीया मी!"

"सर प्रबंधावर सही करंनात, आई."

"का? काय चोरलंस त्येंचं?"

भीमसेन ओशाळं हसला. "धातूची वाफ करून तिच्यातनं उजेड सोडायचा. एकेका रंगाचा उजेड अणू गिळत्यात, तिथं रेघ दिसती. पर अणू लई पळत्यात, म्हणून रेघ पसरती. आता लेसर आलाय. समोरासमोरनं दोन झोत सोडायचे. पळणारा अणू एकाच झोताला घावतो."

"म्हंजे दोन्हीकडनं हाक मारायची," तानीबाई दोरा तोडत म्हणाली, "आन जो जाग्यावर हाय, त्योच दोघास्नी ओ देतोय."

भीमसेन बघतच राहिला. "व्हय! त्येवढ्यांचीच रेघ बारीक येती. सरांना पूर्वी एक रुंद रेघ दिसलेली, तिथं मला दोन दिसल्या. सर म्हणत्यात, एकच लिही. सही न्हाय तर नोकरी बी न्हाय." त्याने खिशातला कागद चाचपला. "लिवलंय. एक."

तानीबाईचे हात थांबले. मघाशी रागाच्या भरात एक विडी सैल वळली गेली होती. ती पंचवीस विड्यांच्या जुडीत, कट्ट्याच्या मधोमध दडपून तिने वर दोराही बांधला होता. वखारीतला तपासणारा कडेच्या चार चाचपतो. सगळा कट्टा कोण सोडून बघतंय?

तिने दोरा सोडला. मधली विडी काढून चुरगळली. तंबाखू सुपात सांडली.

मग ती उठली. भीमसेन प्रोफेसर झाल्यावर घालील म्हणून शिवून आणलेला पांढरा सदरा कोनाड्यात होता. त्याची घडी तिने हाताने सारखी केली आणि ट्रंकेत, पार तळाशी ठेवली.

"सरांना दुसरी रेघ दिसली न्हाय, त्येंचा काय दोष? तुला दिसलीया आन तू दडीवतोस. भित्रा झालास, भीमसेन. फाड त्यो कागद, आन ऊठ, भाकरी खा. गल्लीला काय सांगायचं, ते माजं मी बघती."