एफ वाजेपर्यंत

बस डेपोतल्या ब्रेकमिस्त्रीने सत्तावन्नाव्या वर्षी गिटार शिकायला घेतली, तेव्हा डेपोत हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. "मिस्त्री, बोटांनी वाजवणार की पान्याने?" टायरवाल्याने विचारलं. मिस्त्रीही त्यांच्याबरोबर हसला. खरं कारण मात्र त्याने पोटातच ठेवलं.

कारण घरात होतं. त्याची बायको वीस वर्षं डेपोला लागूनच्या बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायची. आवाज असा खणखणीत, की डुलक्या काढणारा उतारू धडपडत पिशवी उचलायचा. घरी आली की तोच आवाज गाण्याला लागायचा. भाजी चिरताना गाणं, कपडे वाळत घालताना गाणं. मग गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जिवावरचं टळलं, पण आवाज बसला तो बसलाच. खोल आणि खरखरीत झाला. तिला हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसवलं. तिने तक्रारीचा चकार शब्द काढला नाही. फक्त गाणं सोडलं. वर्ष उलटलं, घर मुकंच.

डेपोसमोरचा सलूनवाला गिऱ्हाईक नसलं की गिटार छेडत बसायचा. मिस्त्रीने दाढी करता करताच त्याला गाठलं.

"एक गाणं शिकायचंय. बायकोचं आवडतं."

सलूनवाल्याने गाणं गुणगुणून बघितलं आणि हात पुसले. "चार कॉर्डचं काम आहे. कॉर्ड म्हणजे एकदम वाजणाऱ्या सुरांचा जुडगा. जी, डी, ई मायनर, सी. हीच चार फिरवत राहायची. निम्मी गाणी याच चौघांच्या जिवावर चालतात."

त्याने आपली जुनी गिटार मिस्त्रीला दिली. बोटांच्या टोकांना घट्टे आधीच होते, त्यामुळे तारा टोचल्या नाहीत. पण बोटं जाड, एक तार दाबायला जावं तर शेजारचीही दबायची. जी वरून डी वर जाताना हात गोंधळायचा. तीन महिन्यांनी मात्र चारही कॉर्ड न थांबता फिरू लागल्या.

एका रविवारी सकाळी त्याने बायकोला समोर बसवलं. "अगं, म्हणून तर बघ. मी आहे ना सोबत."

तिने हो-नाही करत पहिली ओळ धरली. दुसरी ओळ वर चढली आणि तिथे आवाज चिरकला. तिने पुन्हा धरली, पुन्हा तेच. ती उठली. "अहो, पुरे आता. मेलेल्याला कशाला उठवता?" म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. भांडं एकही घासायचं नव्हतं.

मिस्त्रीचं तोंड एवढंसं झालं. आपणच तिला तोंडावर पाडलं, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने गिटार सलूनमध्ये नेऊन ठेवली. "घ्या तुमची. तिचा आवाज तिथवर पोचत नाही."

सलूनवाला गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा धरून थांबला. "मग गाणं खाली आणा की! बाईंनीच वर चढलं पाहिजे असं कुणी सांगितलं? सगळं गाणं पाच सूर खाली घ्या. चाल तीच राहते, कॉर्डचा क्रम तोच, फक्त नावं बदलतात. सी, जी, ए मायनर आणि एफ."

"एवढं सोपं?"

"एफ वाजवा, मग सांगा."

गिटार पुन्हा घरी आली, आणि एफने मिस्त्रीला रडकुंडीला आणलं. पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा एकदम दाबायच्या, वर उरलेली बोटं आपापल्या जागी. बाकीच्या तीन छान वाजायच्या, आणि एफला नुसतं भद्द! गंजलेले नट त्याने एका झटक्यात सोडवले होते, पण इथे जोर लावला की मनगट भरून यायचं. शेवटी सलूनवाल्याने त्याचा अंगठा धरून गिटारच्या दांडीच्या मागे, मधोमध ठेवला. "ताकद बोटात नाही, इथे. आणि कोपर अंगाजवळ."

सात आठवडे गेले. बायको आतून ओरडायची, "तो एफ हात धुऊन मागे लागलाय तुमच्या!"

एका संध्याकाळी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मिस्त्री खिडकीशी बसून नव्या कॉर्ड फिरवत होता. सी, जी, ए मायनर... आणि एफ स्वच्छ वाजला. तो स्वतःच दचकला. थांबला असता तर हात विसरला असता, म्हणून फिरवतच राहिला.

तिने मान वर केली. "हे आपलंच गाणं ना? असं खोल का वाटतंय?"

"तुझ्यासाठी खाली आणलंय."

उशीचा अभ्रा हातात धरून तिने अगदी हळू पहिली ओळ घेतली. दुसरी आली. ओळ चढली आणि न चिरकता उतरली. आवाज पूर्वीचा नव्हता. जाड होता, खरखर होती, पण सुरात होता, आणि त्या गाण्याला असा शोभला, की मिस्त्री ए मायनर चुकला.

"चुकलात," ती म्हणाली. डोळे भरले होते तरी हसत होती. "पुन्हा घ्या. पहिल्यापासून."

त्याने पहिल्यापासून घेतलं. तिसऱ्यांदा म्हणून झाल्यावर तिने अभ्रा बाजूला ठेवला, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि विचारलं, "आणखी कुठली गाणी बसतात हो या चौघांत?"