गाडीवाल्यांच्या खोलीतली खाट

मी एक जुनी लोखंडी खाट आहे. माझ्यावर कधी कुणी बडा पाहुणा झोपला नाही. माझ्यावर झोपले ते गाडीवाले. पर्यटकांना डोंगर चढवून आणणारे, आणि पर्यटकांच्या एकाही फोटोत नसणारे. मित्रांनो, त्यांच्यातल्या एकाची गोष्ट मला सांगायची आहे. ती गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते.

एका वेल्डरने मला जोडले, नवारपट्टी विणली आणि डोंगरावरच्या एका छोट्या हॉटेलात पोहोचवले. हॉटेल नवे होते आणि रिकामे. मालकीणबाईंचा नवरा दारात उभा राहून रस्त्याकडे बघत राही आणि गाड्या पुढच्या मोठ्या हॉटेलांकडे निघून जात. एक दिवस मालकीणबाई म्हणाल्या, "पाहुण्यांना काय कळतंय कुठे उतरायचं ते? ते गाडीवाल्याला विचारतात. आणि त्या बिचाऱ्याला पाठ टेकायला जागा कोण देतं? कुणीच नाही."

त्यांनी स्वयंपाकघराशेजारची खोली गाडीवाल्यांना दिली. धुतलेली चादर, बादलीभर गरम पाणी, आणि ताटात पाहुण्यांचेच जेवण. नवरा म्हणाला, "अगं, धंदा काढलाय की धर्मशाळा?" पण हळूहळू गाड्या दाराशी थांबू लागल्या.

सर्वांत आधी थांबला तो सबुरीमामा. त्याचे खरे नाव मला शेवटपर्यंत कळले नाही. पाहुण्यांनी घाई केली की तो "सबुरी, सबुरी" म्हणे, तेच त्याला चिकटले. इतर गाडीवाले पाहुणे आणल्याबद्दल कमिशन मागत, याने कधी मागितले नाही. "ताई, खाट दिलीत, भरून पावलो," एवढेच म्हणे. मालकीणबाईंचा नवरा गेला तेव्हा हॉटेल बंद पडणार असेच सगळे धरून चालले होते. सबुरीमामाने स्टँडवरच्या एकेका गाडीवाल्याला गाठून सांगितले, "ताईकडे जा." त्या हंगामात हॉटेल भरलेले राहिले. मालकीणबाई त्याला म्हणाल्या, "हे हॉटेल असेपर्यंत तुझी खाट कुणी हलवणार नाही." त्या शब्दाचा मला केवढा अभिमान होता!

पुढे मालकीणबाईंचा मुलगा हाताशी आला. पोरगा आळशी नव्हता, दुष्ट तर मुळीच नव्हता. हॉटेल मोठे करायचे एवढेच त्याच्या डोक्यात होते. त्याने एका पर्यटन कंपनीशी करार केला. कंपनीचा माणूस आला, गुळगुळीत कार्ड दिले, दोन्ही हातांनी मुलाचा हात दाबला आणि म्हणाला, "आता आपलं नातं घरच्यासारखं!" त्याचा ड्रायव्हर तोवर बाहेर उन्हात ताटकळत होता. त्याला कुणी पाणीही विचारले नाही.

कंपनीला जास्त खोल्या हव्या होत्या. मालकीणबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वरच्या मजल्यावर पडून होत्या. इकडे खाली मुलाने गाडीवाल्यांची खोली रंगवली, जाड गादीचा पलंग आणला आणि दारावर 'निसर्ग' अशी पाटी लावली. खिडकीतून दिसत होती पाण्याची टाकी! मला मागच्या दारासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये भिंतीला टेकवून उभे केले आणि पुढ्यात मोडक्या खुर्च्या रचल्या.

त्याच आठवड्यात सबुरीमामा आला. दिवसभर गाडी चालवून त्याचे डोळे लाल झाले होते. मागच्या दाराशी आला आणि आपल्या खोलीबाहेर दुसऱ्याच कुणाच्या चपला पाहून थबकला.

"मामा, आजच्या दिवस ॲडजस्ट करा," मुलगा म्हणाला. "गाडीतली सीट मागे होते ना? आणि आईला काही बोलू नका, ती उगीच त्रास करून घेईल."

"सबुरी रे बाबा. होईल कसंतरी," मामा म्हणाला.

वरून मालकीणबाईंची हाक आली, "मामाची खाट लावलीस का रे?"

"हो आई, लावली."

मामाने गाडी शेडजवळ आणून लावली. त्याने मला ओळखले. माझ्या पायावर हात ठेवला, खुर्च्यांच्या ढिगाकडे पाहिले आणि गाडीत जाऊन बसला. सीट काही मागे होईना, मागे पाहुण्यांचे सामान कोंबलेले होते. मित्रांनो, मी हाताच्या अंतरावर होते. खाटेच्या जन्माला येऊन नुसते उभे राहायचे, आणि आपला माणूस बसल्या बसल्या कुडकुडताना बघायचा! असला संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता.

पाहुण्यांना सूर्योदय बघायचा होता, म्हणून गाडी अंधारातच निघाली. उतारावरच्या एका वळणावर ती वळलीच नाही, सरळ झाडावर आदळली. मागे बसलेले पाहुणे हातपाय मोडून का होईना, वाचले. सबुरीमामा वाचला नाही. लोक म्हणाले, ब्रेक गेला असेल. त्याला डुलकी लागली असेल हे कुणालाच पटेना.

काही दिवसांनी त्याची बायको भेटायला आली. ती येणार हे कळताच मुलाने पाटी काढली, पलंग बाहेर ओढला आणि मला आत आणून चादर घातली. मालकीणबाई ऑपरेशननंतर पहिल्यांदाच जिना उतरून आल्या. भिंतींच्या नव्या रंगाकडे त्यांचे लक्षच गेले नाही.

मामी माझ्यावर टेकल्या. चादरीवरून हात फिरवत म्हणाल्या, "घरी नेहमी सांगायचे, तिथे माझी खाट आहे, तू काळजी करू नकोस. ताई, एकच विचारायचंय. शेवटच्या रात्री नीट झोपले होते ना हो?"

"हो तर! माझ्या लेकानेच चादर घातली होती. विचारा त्याला."

दोघींनी त्याच्याकडे पाहिले. किती सोपे होते, मित्रांनो! नुसती मान हलवायची होती.

"नाही मामी," तो म्हणाला. "मी त्यांना गाडीत झोपवलं. ही खाट मी बाहेर काढली होती. आई, मी तुझ्याशी खोटं बोललो."

मालकीणबाईंनी आता कुठे भिंतींच्या नव्या रंगाकडे पाहिले. मामी उठल्या, बसल्यामुळे चुरगळलेली चादर हाताने सारखी केली आणि निघून गेल्या. त्यांनी शिव्याशाप दिले असते तर परवडले असते.

मी आता या खोलीतच आहे. पण गाडीवाले पाहुण्यांना दाराशी उतरवतात आणि झोपायला दुसरीकडे जातात. मुलगा रोज संध्याकाळी स्टँडवर जाऊन हात जोडतो. ते भांडत नाहीत, नुसते नको म्हणतात.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी सहलीला जाल. गाडीतून उतरलात की पळत खोलीत शिरू नका. आधी मागे वळा आणि विचारा, "काका, तुम्ही कुठे झोपणार?" आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.