हॅप्पी हरी

"बाई, या आमटीत समुद्र ओतलाय का?" पुण्याहून दत्तदर्शनाला आलेल्या गृहस्थांनी वाटी पुढे सरकवली.

नागूबाईंनी बोट बुडवून चाटलं आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. आठवड्यातली ही तिसरी खारट आमटी. गाणगापुरात त्यांची खाणावळ तीस वर्षं चालली होती ती चवीवर, आणि आता पुजाऱ्यांच्या घरातली मंडळीसुद्धा जेवायला बसताना आधी पाण्याचा तांब्या जवळ ओढू लागली होती.

दोष हाताचा नव्हता, रेडिओचा होता.

नागूबाईंनी आयुष्यात घड्याळ बघून स्वयंपाक केला नाही. हात पिठात, डोळे तव्यावर; घड्याळाकडे मान वळवायला फुरसत कुणाला? जुन्या रेडिओवर कानडी शेतीच्या गप्पा सुरू झाल्या की डाळ शिजत घालायची. सोलापूरचं मराठी भजन लागलं की भाकरीला पीठ मळायचं. हैदराबादेची कव्वाली आली की आमटीला फोडणी आणि मीठ. मग नवरा, उद्धवराव, गल्ल्यावरून ओरडायचे, "पानं मांडू का?" आणि बाहेर बरोबर पहिली बस लागलेली असायची.

तो रेडिओ पावसाळ्यात मेला. उद्धवरावांनी त्याच्याऐवजी लाल दिवे लुकलुकणारा एक डबा आणला. त्यात कलबुर्गीचं एकच एफएम लागायचं, आणि त्या एफएमवर एकच गाणं. म्हणजे गाणी दहा-बारा असतील, पण घटकाभराने फिरून तेच यायचं: कुणा मुलीच्या मोबाईलचा रिचार्ज संपतो आणि एक मुलगा तो मारून देतो. सकाळी रिचार्ज, दुपारी रिचार्ज. नागूबाईंनी मनाशी ठरवलं, हे वाजलं की मीठ. आणि ते पुनःपुन्हा वाजत राहिलं.

"बदला हो ते गाणं," त्या म्हणायच्या.

"कामून? जगात सगळी तेच ऐकायलेत," उद्धवराव म्हणायचे. त्यांचा जीव बक्षिसात अडकला होता. रिचार्जचं गाणं लागलं की फोन करायचा, लागला तर मिक्सर मिळणार होता. ते दिवसभर फोनला चिकटून असत आणि गल्ल्यावर गिऱ्हाईक ताटकळत.

त्या दिवशी समुद्राचं प्रकरण मिटतंय तोवर फोन खरंच लागला.

"हॅलो हॅलो हॅलोऽऽ! मैं आपका दोस्त, हॅप्पी हरी! कौन बात कर रहा है, अप्पा?" डब्यातून आणि फोनमधून एकदमच आवाज आला. सगळी खाणावळ घास थांबवून ऐकू लागली. मिक्सरच्या आधी फर्माईश सांगायची होती. उद्धवरावांना घाम फुटला. महिनाभर रिचार्ज ऐकून त्यांना दुसरं एकही गाणं आठवेना. त्यांनी फोन नागूबाईंच्या कानाला लावला. बाईंचे दोन्ही हात पिठात होते.

"कौनसा गाना लगाऊँ, अक्का?"

"आज अजून लावलं न्हाई असं कंचंबी लाव, बाबा."

डबा गप्प झाला. इतका वेळ गप्प, की पुण्याच्या गृहस्थांना वाटलं वीज गेली. मग हॅप्पी हरीचा आवाज आला, पण तो हॅप्पी नव्हता, साध्या घरच्या बोलीतला होता. "मावशी, तसं तर माझ्याकडं न्हाई बघा. वरून येत्यात तेवढीच हाईत."

"मग तू तिथं बसून करायलास काय?"

पलीकडे तो हसला. रेडिओवर हसतात तसं नव्हे, पोटातून. "त्येच तर मलाबी कळंना झालंय, मावशी."

मिक्सरचं नावही न निघता फोन तुटला आणि रिचार्जचं गाणं लागलं.

उद्धवराव दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, "मिक्सर घालवलास."

पुढच्या आठवड्यात डब्यातला आवाज बदलला. कुणी तरी मुलगी आली. गोड बोलायची, पण इथल्या आळंद तालुक्यात पाऊस पडला तर आळंदीत पडला म्हणून सांगायची. हॅप्पी हरी पुन्हा आलाच नाही. नागूबाईंच्या मनाने घेतलं, आपल्या जिभेने पोराची भाकरी घालवली. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत त्या डब्याकडे बघत राहायच्या. शेवटी त्यांनी तो बंद केला आणि त्या आमटी चाखून मीठ घालायला शिकल्या.

पौर्णिमेला गर्दी उसळली होती. कोपऱ्यातल्या पाटावरून कुणी म्हणालं, "अक्का, अर्धी भाकरी आणि वाढा, आन् शेंगांची चटणी."

नागूबाई आवाज ओळखून तशाच पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. पाटावर तिशीचा, हडकुळा, चष्मेवाला माणूस बसला होता.

"तू हॅप्पी हरी."

चोरी पकडल्यासारखा तो इकडेतिकडे बघू लागला. "हरिओम नाव माझं, मावशी. निर्णा गावचा."

"माझ्यामुळं गेली का रं तुझी नोकरी?"

"न्हाई, न्हाई. तुमचं बोलणं तर सायबाला लई आवडलं होतं. आता ती एकटी पोरगी लांब वरच्या ऑफिसात बसून बारा गावांत गुड मॉर्निंग म्हणती. माझ्यावाणी अकरा जण गेले." त्याने भाकरीचा तुकडा मोडला. "म्हटलं, दत्ताला सांगून तरी बघावं."

"मिक्सरचं काय झालं?" उद्धवरावांनी गल्ल्यावरून विचारलं.

"एकच होता, अप्पा. टेबलावर ठिवला होता. नुसता फोटो काढायला, दिला कुणालाच न्हाई."

उद्धवरावांनी बऱ्याच दिवसांनी बायकोकडे नीट पाहिलं आणि स्वतः उठून हरिओमला आमटी वाढली.

तेवढ्यात बाहेर दोन बसगाड्या लागल्या आणि समोरच्या खाणावळीतली माणसं यात्रेकरूंवर तुटून पडली. नागूबाई म्हणाल्या, "जेवण झालं की दारात हुबा राह्य. गळा हाय तर वापर की."

हरिओम हात धुऊन दारात गेला. आधी लाजत, मग खुलत. सोलापूरच्या बायकांना मराठीत, "या मावशी, तुमच्या गावच्यावाणी कडक भाकरी हाय!" कानडी कुटुंबाला गरम भाकरीचं आवतण, "बर्री अक्का, बिसी रोट्टी अदाव!" जहिराबादच्या म्हाताऱ्याला दखनीत, "आओ चाचा, आमटी खाके देखो, नमक एकदम बराबर हय!" आत नागूबाई हसू लागल्या. पाट भरले. दुपार उतरेपर्यंत पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी दोनदा करावी लागली.

शेवटची बस निघाली. रस्ता रिकामा झाला तरी हरिओम आपल्या तंद्रीत होता. "तर मंडळी, ही होती गाणगापूरची अंबाडीची भाजी," त्याने आवाज खाली आणत म्हटलं, "आणि आता ऐकू या..."

त्याचा उजवा हात हवेत पुढे गेला आणि एका बोटाने गाणं लावायचं नसलेलं बटण दाबलं. तो थांबून राहिला. समोर बसने उडवलेली धूळ खाली बसत होती.

मग त्याने हात पँटला पुसला, पाण्याचा जग उचलला आणि आत आला.