धरवेल तोच दगड

डेल्फीना बुस्तामांतेला माणसं चेहऱ्यापेक्षा पाठीवरून जास्त लक्षात राहायची. टुसॉनमधल्या अर्ध्या गावाच्या पाठी चोळून झाल्यावर दुसरं काय होणार? तिच्या बहिणीचा नवरा रॉइस हॅडॉक याची पाठ तर तिला पाठच होती. घरांची छपरं शाकारणाऱ्याची पाठ ती, उन्हाने भाजून चिवट झालेली, आणि उजव्या खांद्याखाली लिंबाएवढी गाठ. हातोडा चालवून आलीय, असं तो सांगायचा. हातोडा चालवून आली की बहिणीवर हात चालवून, याबद्दल डेल्फीनाचं स्वतःचं मत होतं.

त्या दिवशी सकाळी तिची बहीण नीएव्हेस मालिशच्या दुकानात मागच्या दाराने आत आली. जून महिना, बाहेर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं आणि या बयेने गळ्यापर्यंत बटणं लावलेला लांब बाह्यांचा शर्ट घातलेला. वरचा ओठ फाटलेला. मुठीत कागदी रुमाल, रुमालात दात.

"जिन्यावरून पडले," नीएव्हेस म्हणाली.

"मीहा, बाळा, तुमच्या घराला जिना नाहीये."

तेव्हा तिचा बांध फुटला. धड रडताही येत नव्हतं, ओठ ताणला की रक्त यायचं. डेल्फीनाने तिला चादरींच्या ढिगावर बसवलं आणि एकेक शब्द काढून घेतला. रात्री अंडी जास्त शिजली होती. एवढंच निमित्त. रॉइसने तिला केसांना धरून स्वयंपाकघरात फरफटत नेलं, फ्रिजला टेकवून बसवलं आणि रायफलची नळी तोंडात घातली. दात नळीवर तुटला. पुढच्या वेळी नुसती नळी नसेल, असं सांगून तो शांतपणे झोपायला गेला, आणि झोपलाही.

नीएव्हेस याआधी तीनदा घर सोडून आली होती आणि तीनदा आपल्या पायांनी परत गेली होती. तो दारात येऊन रडायचा, ही विरघळायची. डेल्फीनाला हे सगळं तोंडपाठ होतं आणि त्याचा तिला संतापही यायचा. पण रायफल पूर्वी नव्हती. या वेळी ही परत गेली तर हिला न्यायला शववाहिकाच येणार, हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता.

"ही माझ्या गाडीची किल्ली. सरळ लास क्रूसेसला जा, चायो मावशीकडे. मी तिला कळवते. आणि तो फोन दे इकडे."

"फोन कशाला?"

"त्या फोनवरून हुंगत येतो तो तुझ्या मागे, म्हणून."

नीएव्हेसने फोन दिला. दाराशी जाऊन ती थांबली. "त्याला सांगशील ना, की मी चिडलेली नाहीये?"

त्या क्षणी डेल्फीनाला वाटलं, हिलाच एक ठेवून द्यावी. तिने बहिणीच्या पाठीला हात लावून तिला बाहेर ढकललं.

गाडी कोपऱ्यावर वळली असेल नसेल, तेवढ्यात पुढचं दार लाथेने उघडलं. दारावरच्या घंटीचा दोरा तुटून घंटी फरशीवर घरंगळत गेली. आज मालकीणबाई गावाला गेलेल्या, दुकानात डेल्फीना एकटीच.

"कुठाय?" रॉइस म्हणाला.

"बूट काढ आधी."

"फोन सांगतोय ती इथंच आहे. काढ बाहेर."

"दातवाल्याकडे गेलीये. दात पडलाय तिचा, तुझ्या कानावर आलं असेलच. फोन चार्जिंगला लावून गेलीये. येईल तासाभरात."

त्याचा विश्वास बसला नाही. त्याने दोन्ही खोल्यांची दारं आपटली, कपाटातले टॉवेल खाली ओढले, संडासात डोकावला. जाता जाता तेलाच्या बाटल्यांच्या फळीवर हात फिरवला आणि सगळा निलगिरीचा वास जमिनीवर सांडला. मग टेबलावर नीएव्हेसचा फोन दिसला. तो त्याने उलटासुलटा करून पाहिला आणि हसला. फोन सोडून बायको कुठे जात नसते, हे त्याला पटलं.

"थांबतो मी. रायफल ट्रकमध्ये आहे, सीटमागे. दात बसवून आली की आम्ही दोघं जरा वाळवंटात फिरायला जाणार."

"थांब की. वाकडा का चालतोयस? पाठ गेली?"

"रात्री जरा जोर लागला." त्याने हे लाजत वगैरे सांगितलं नाही. "चल मेव्हणीबाई, नाहीतरी बसायचंच आहे. दगड लाव. आणि गरम लाव, मागच्या वेळी म्हातारीच्या तळव्यासारखे थंड होते."

कपडे उतरवून, जीन्स खुंटीला अडकवून तो पालथा पडला. चेहरा मालिशच्या टेबलाच्या भोकात. तोंड खाली गेलं तरी जीभ काही थांबली नाही.

दगड ऊन करायला या दुकानात विजेचं मोठं भांडं होतं, नाताळात टर्की भाजतात ते. बहुतेक सगळीकडे तेच असतं, गिऱ्हाइकाला फक्त दाखवत नाहीत. पाण्यात काळे गुळगुळीत दगड, बोटभर ते वीतभर. डेल्फीनाला हे काम बेउला नावाच्या एका खडूस म्हातारीने शिकवलं होतं आणि दोन नियम तिच्या डोक्यात हातोडीने ठोकले होते. तुझ्या हातात जो दगड धरवत नाही तो दुसऱ्याच्या अंगाला लावायचा नाही. आणि एकदा अंगाला हात लागला की शेवटपर्यंत दोन्ही हात एकदम उचलायचे नाहीत, नाहीतर माणूस जागा होतो.

तिने पहिला दगड उचलला. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहिला. चांगला कडक होता. हा असाच त्याच्या मणक्यावर ठेवावा आणि वरून दाबून धरावा, कातडी सुटेपर्यंत, असं तिच्या मनात आलं. नुसतं आलं नाही, तिला तो वासही आला. पण तो किंचाळून उठला असता तर पंधरा मिनिटांत ट्रक घेऊन मोठ्या रस्त्याला लागला असता, आणि तिच्या खटारा गाडीला तिने कधी वेगात पळताना पाहिलं नव्हतं. नीएव्हेसला वेळ हवा होता. वेळ म्हणजे हाच माणूस, इथेच, असाच पडलेला.

म्हणून तिने आयुष्यातली सगळ्यात चांगली मालिश जगातल्या सगळ्यात नालायक माणसाला केली. दगड हातात निवू देऊन तेलावरून सरकवला. मणक्याच्या दोन्ही बाजूंना खाली, माकडहाडापाशी वळसा, पुन्हा वर. खांद्याखालच्या गाठीवर अंगठ्याने दगडाची कड हळूहळू घोळवली.

"आई गं," रॉइस भोकातून कण्हला. "तुझ्या बहिणीला असलं काही जमत नाही. तिला एकच जमतं, थरथरणं. रात्री फ्रिजसुद्धा हलत होता तिच्याबरोबर."

"हं."

"तू पण तसलीच असणार. तुमचं सगळं खानदानच भित्रं."

"हात सैल सोड," डेल्फीना म्हणाली आणि त्याच्या दोन्ही तळहातांवर एकेक दगड ठेवला. मणक्यावर रांग मांडली, कमरेवर मोठा दगड, बोटांच्या बेचक्यांत छोटे. त्याचा श्वास लांबला. मग तो घोरायला लागला. बायकोच्या तोंडात नळी घालून झोपायला जाणारा माणूस, त्याला झोपेची काय वानवा!

डावा हात त्याच्या टाचेवर ठेवूनच ती खुंटीकडे वाकली. पोहोचेना. टाचेवर दोनच बोटं टेकवून ती अंग ताणत गेली, बरगड्या दुखेपर्यंत, आणि जीन्सच्या खिशात हात घातला. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला. घोरणं थांबलं. स्पीकरवर झऱ्याचं पाणी आणि बासरी चालू होती, आणि डेल्फीनाने आयुष्यात पहिल्यांदा त्या भिकार बासरीचे आभार मानले. घोरणं पुन्हा सुरू झालं.

ट्रकची किल्ली बटणाची, आत नाजूक विद्युत कारभार. तिने ती टर्कीच्या भांड्यात सोडली, भांड्याचा काटा शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवला आणि झाकण लावलं. तिथे अजून तो वीतभर दगड होता, ढुंगणाखाली ठेवतात तो, तोही बुडालेला. थोड्या वेळाने पाणी गुळगुळ उकळायला लागलं. तिचा हात त्याच्या पाठीवर फिरतच होता.

बाहेर पुढच्या टेबलावरचा दुकानाचा फोन वाजला. जुनं यंत्र होतं ते, कुणी उचललं नाही की निरोप मोठ्याने ऐकवायचं. ते बंद करायचं तिला सुचलंच नव्हतं.

"डेल्फी, मी आहे," नीएव्हेसचा आवाज सगळ्या दुकानात घुमला. "बेन्सनला पोचलेय. पेट्रोल पंपावरच्या दुकानातून बोलतेय. तिकडे सगळं ठीक आहे ना?"

घोरणं थांबलेलं होतं.

रॉइस उठला तेव्हा पाठीवरचे दगड फरशीवर धडाधड पडले. तळहातातला दगड त्याने तसाच फेकला. तो तिच्या कानाला चाटून आरशात घुसला. चादर कमरेला गुंडाळून तो जीन्सवर झेपावला. एक खिसा, दुसरा खिसा. मग त्याने मागे वळून तिच्या तोंडावर उलट्या हाताने अशी मारली की ती चाकाच्या स्टुलावर आपटून स्टुलासकट भिंतीवर गेली. नाकातून रक्ताची धार तोंडात आली.

"किल्ली."

त्याने तिला केसांना धरून उठवलं. फरफटत नेलं, अगदी बहिणीला नेलं असेल तसंच, याची तिला त्याही वेळी नोंद झाली. एक लाथ बरगडीत बसली आणि आत काहीतरी कट्‌कन वाजलं.

"किल्ली कुठाय? बेन्सनला पाऊण तासात पोचतो मी. तिथंच पंपावर आडवी करतो तिला. किल्ली!"

"तिथे," डेल्फीनाने मान हलवली. "शिजतेय."

त्याने झाकण उडवलं. वाफ दोघांच्या तोंडावर आली. त्याने एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि त्याला ते इतकं आवडलं की तो हसला.

"मग काढ की."

त्याने तिचा उजवा हात मनगटाला धरला आणि कोपरापर्यंत पाण्यात दाबला.

डेल्फीना किंचाळली. भित्र्या खानदानाचं काय असेल ते असो, उकळत्या पाण्यात हात गेला की कुणीही किंचाळतं. पण रॉइसला एक गोष्ट ठाऊक नव्हती. दुसऱ्या कुणाची बोटं त्या पाण्यात ताठ उघडली असती. हिची बोटं वर्षानुवर्षं रोज गरम पाण्यात जाऊन एकच गोष्ट शिकली होती, दगड लागला की मिटायचं. तळाशी तिच्या हाताला दगड लागला. बोटं मिटली. आता ही किल्ली काढतेय असं समजून त्याने मनगट सोडलं.

तिने तो वीतभर दगड पाण्यासकट वर काढला आणि त्याच्या कानशिलावर हाणला.

ओलं लाकूड फुटल्यासारखा आवाज झाला. रॉइस गुडघ्यांवर आला. त्याचा हात तिच्या पायाशी चाचपडत आला, घोट्याला धरायला. तिने पुन्हा हाणला, गळ्याच्या हाडावर, आणि ते हाड आत गेलेलं तिला दगडातून कळलं, पाठीतली गाठ कळावी तसं. तिसऱ्यांदा दगड उचलला तेव्हा तो पालथा पडलेला होता आणि ती त्याच्या डोक्याशी उभी होती. हाणायची फार इच्छा होती. हाताची कातडी दगडाला चिकटली होती. धरवला, म्हणून लावला. बेउलाला यात चूक काढता आली नसती. मग तिच्या बोटांनीच दगड सोडून दिला.

फोन पुन्हा वाजला. या वेळी ती भिंत धरत धरत गेली आणि डाव्या हाताने उचलला.

"डेल्फी? तू फोन का घेत नव्हतीस? तो आलाय का तिकडे?"

"तू अजून पंपावरच? निघाली नाहीस?"

"मी दुकानात बसलेय मघापासून. विचार करतेय." नीएव्हेस ओठ सांभाळत बोलत होती. "नंतर फार रडतो गं तो. लहान पोरासारखा. तू त्याला काही केलं नाहीस ना? तो कसा आहे, सांग ना. मी येते परत. बोलते त्याच्याशी."

डेल्फीनाने उघड्या दारातून आत पाहिलं. रॉइसच्या कानातून रक्त येत होतं आणि तेलात मिसळून फरशीवर पसरत होतं. एक बोट हलत होतं. खरं सांगितलं तर ही रुग्णवाहिकेच्या आधी इथे पोचेल, त्याचं डोकं मांडीवर घेईल आणि तो बरा होईपर्यंत त्याला सूप भरवेल. आणि तो बरा होईल. असले होतात.

"तो ठणठणीत आहे," डेल्फीना म्हणाली. "तुझा निरोप ऐकला त्याने. आत्ताच ट्रक घेऊन निघालाय. रायफल आहे बरोबर. बेन्सनला पंपावर आडवी करतो म्हणाला."

पलीकडे श्वास अडकला. फ्रिजला टेकून बसलेली असताना असाच अडकला असेल. मग फोन कशावर तरी आपटला, पावलं पळाली, आणि कुणी बाई ओरडली, "अहो, तुमचं पाणी राहिलं!" नंतर लांबून आपल्याच खटारा गाडीच्या इंजिनच्या पट्ट्याची किंकाळी तिला ऐकू आली. गाडी निघाली होती.

बहिणीला जगवायला रॉइसचीच भीती घालावी लागली, आणि ती घालायला त्याचेच शब्द पुरले, याची डेल्फीनाला लाज वाटली. हात जळत होता त्यापेक्षा जास्त ती लाज पोळली. ती आत गेली, फुटक्या आरशाच्या तुकड्यांत बसली आणि डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला. श्वास चालू होता. रुग्णवाहिका तिने लगेच बोलावली नाही. आधी गाडी बेन्सनपुढचं विलकॉक्स ओलांडू दे, मागे वळावंसं वाटणार नाही इतकी लांब जाऊ दे, तिने ठरवलं, आणि तोवर हात उचलला नाही.