एकेचाळीस मरणं आणि बाहेरचा बाक

अमेरिकेतल्या कॅन्ससच्या मैदानी मुलखावर जूनची दुपार उतरली होती. सुवर्णपीत, अलस, दिगंतव्यापी दुपार! क्षितिजापर्यंत नुसता पिकलेला गहू, आणि रस्त्याकडेच्या उंच कॉटनवूड झाडांवरून सुटलेला शुभ्र कापूस. तरंगणारा, रेंगाळणारा, कुठंच पोचायची घाई नसलेला.

अशाच जूनमध्ये, एकोणीस वर्षांपूर्वी, आर्विड हे गाव सोडून हॉलिवूडला गेला होता. अंगात कला एकच, पडण्याची. लहानपणी गवताच्या गंजीवरून तो असा काही पडायचा, की त्याच्या आईच्या, हुल्दाच्या, काळजाचं पाणी व्हायचं.

त्या कलेनं पोट भरलं, नाव मात्र बेताचंच दिलं. एकेचाळीस चित्रपट, एकेचाळीस मरणं! नायकासाठी छातीवर गोळी झेलणारा मित्र तो. धूलिधूसर खिंडीत मेला, रक्तवर्ण संध्याकाळी मेला, घोड्यावरून मेला, पुलावरून मेला. नायिका नायकाला मिळायची, याच्या वाट्याला माती. पण काय मरायचा! अवघं थिएटर हुंदके द्यायचं.

हुल्दानं ते मरण कधीच पाहिलं नाही. गावातल्या थिएटरचा मालक ओल्सन चित्रपट आधी पाहून ठेवी, आणि तिकीट फाडताना मरणाआधीची खूण तिला हळूच सांगे, "पांढरा घोडा लंगडला की उठा, बाई." घोडा लंगडे, ती उठे. आतली गोळी वाजून विरेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राही.

आर्विडला हे फार लागायचं. जग वाखाणतं ती कला, आणि आईनंच पाठ फिरवावी? केस पिकू लागले, तेव्हा बेचाळिसाव्या चित्रपटात त्यानं हट्टानं जगणारी भूमिका मागून घेतली. शेवटी गव्हातून घोडा दौडवत घरी परतणारा माणूस! तो चित्रपट आईला दाखवायला तो स्वतः गावी आला, आणि ओल्सनला त्यानं बजावलं, "या वेळी तिला काही सांगू नका. बघू दे शेवटपर्यंत."

तिथंच त्याचं चुकलं.

पडद्यावर आर्विडवर बंदूक रोखली गेली. खूण कुणी सांगितली नव्हती. हुल्दा घाबरली आणि उठलीच. "आई, थांब ना!" पण ती दाराबाहेर पोचली होती. पडद्यावर त्याच्या आयुष्यातलं पहिलं जगणं आता उलगडणार होतं. त्यानं एकदा पडद्याकडे पाहिलं, आणि तोही उठला.

बाहेर तीच दुपार, तोच शुभ्र, मंद, अविरत कापूस. बाकावर डोळे मिटून बसलेली आई.

"आई, या खेपेला मी मरत नाही गं."

"मग कुठल्या खेपेला मेलास?" डोळे न उघडताच ती म्हणाली. "आत काय वाट्टेल ते होऊ दे. इथं येऊन बसलं की माझा पोरगा जिवंत असतो."

आर्विड तिच्याशेजारी बसला. ग्लिसरीनशिवाय रडायची त्याला सवय नव्हती. तरी तो रडला.

आत गोळी वाजली, नेम चुकला, टाळ्यांचा कडकडाट झाला. पडद्यावरचा आर्विड सोनेरी गव्हातून घरी निघाला होता. आणि बाहेर हुल्दा आपल्या आर्विडच्या कोटावरचा कापूस वेचत होती. कापूस पडत होता, ती वेचत होती. पडत होता, वेचत होती.