गावाचे शून्य

मित्रांनो, काओशुंगच्या मासेमारी बंदरात, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीशी गंजत उभा असलेला कार्डाचा टेलिफोन म्हणजे मीच. आता माझ्या माथ्यावर ओले हातमोजे वाळत घालतात.

घडवणाऱ्यांनी मला आकडे ओळखायला शिकवले. बोलायला शिकवले नाही. एके काळी जावा बेटावरचे खलाशी माझ्यापुढे रांग लावीत. बाहेरच्या मुलखासाठी शून्य शून्य दोन, मग त्यांच्या देशाचे बासष्ट, मग गाव, मग घर. रिसीव्हर ते बाहीने पुसत आणि मगच कानाला लावीत. तेवढ्या मायेवर मी उभा होतो.

त्यांच्यातलाच तेगाल गावचा कास्मादी प्रथमच लांबच्या सफरीवर निघाला होता. त्याच्या वडिलांना समुद्रानेच नेले होते. म्हणून आई रुसली आणि निरोपाला दाराशीही आली नाही. तिच्या तोंडचे ‘जाऊन ये’ त्याला हवे होते. जहाज सुटण्याच्या दिवशी फोन करीन, असे त्याने गावी कळवले होते. फोन होता शेजारच्या बू तुनाह, म्हणजे तुनाहकाकू, यांच्या दुकानात.

गावात पाठ केलेला क्रमांक त्याने बासष्टपुढे जसाच्या तसा दाबला, आरंभीच्या शून्यासकट. माझ्यातून एक बाई चिनी भाषेत काही सांगे आणि लाइन तुटे. पुनःपुन्हा तेच. मला चूक दिसत होती. सांगता येत नव्हती.

थोरला सोबती वार्सान आला. कास्मादी त्याला कांग, म्हणजे दादा, म्हणे. “अरे, जहाज सुटायला आलं आणि तू या डब्याच्या गळ्यात पडून बसलायस?”

“लागत नाही, कांग. आईनंच उचलू नका म्हणून सांगितलं असेल.”

“दाब बघू. थांब, थांब! हे शून्य कुठं निघालं तुझ्याबरोबर? ते गावात राहणाऱ्यांचं. बाहेरून करताना गाळायचं. बासष्ट, आणि लगेच आपल्या गावाचं दोनशे त्र्याऐंशी.”

घंटी वाजली.

“बू, मी कास्मादी! आई आहे?”

“सकाळपासून इथंच बसली होती रे! आत्ता नमाजाला घरी गेली. ठेवू नकोस हं, आणते.”

तेवढ्यात भोंगा झाला. “चल, दोर सोडले!” वार्सानने त्याचा दंड धरला.

“एकच शब्द, कांग…”

“तुझ्या आईसाठी कप्तान थांबायचा नाही!”

लाइन तोडायला त्याचा हात धजेना. रिसीव्हर तसाच लोंबता ठेवून तो धावला. जहाज धक्क्यापासून सुटले, आणि मग तिकडे फोनवर आई आली.

“कास्मा? जेवलास का रे?” धापा टाकीत ती थांबली. “बोलत का नाहीस? अजून रागावलायस? बरं, नको बोलूस. जाऊन ये, बाळा. ऐकतोयस ना? जाऊन ये.”

कार्ड संपेपर्यंत ती बोलत राहिली. कास्मादी पुन्हा माझ्यापाशी आला नाही.

मित्रांनो, परमुलखात कुणी नवखा आकड्यांशी झुंजताना दिसला, तर थट्टेआधी त्याला ते शून्य सांगा. आणि मला उखडाल तेव्हा तारा जरा हळू तोडा. एका आईचे शब्द मी अजून पोहोचवलेले नाहीत.