पाठीच्या मापाचं आसन

"हे अंतराळात गेलेलंच नाही ना?" संग्रहालयाच्या बाईंनी आसनावर बोटानं टकटक केलं. "मग आम्ही ठेवायचं कशाला?"

रोदिओन येगोरिच टोपी हातात धरून उभे होते. माझं मात्र डोकं फिरलं. ते आसन मी त्यांच्याच पाठीच्या मापानं ओतलं होतं. अंतराळयानांच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी तेच केलं. अंतराळवीराला पातळ प्लास्टरमध्ये उताणं झोपवायचं, गुडघे पोटाशी घ्यायला लावायचे आणि त्याच्या पाठीचा साचा काढायचा. परतताना यान जमिनीवर आदळतं, तो दणका स्वतःच्या मापाच्या आसनातच सोसतो. दुसऱ्याच्या आसनात कणा मोडायचा.

या माणसाला मी तीनदा झोपवलं. दोनदा ते राखीव होते, आणि ज्यांच्यासाठी राखीव होते त्यांना साधी शिंकही आली नाही. तिसऱ्यांदा नाव पक्कं झालं, साचा निघाला, आणि त्यांच्या जागी एक पैसेवाला हौशी पाहुणा घेतला गेला. त्याला यानात कसं बसायचं, कशाला हात लावायचा नाही, हे शिकवलं कोणी? यांनीच. बावीस वर्षं तयारी केलेल्या माणसानं. मला आजही त्याची चीड येते.

"एक करता येईल," बाई म्हणाल्या. "अंगणात ठेवू. मुलं बसून फोटो काढतील. वर जाऊन आलेल्या कुणाचं तरी नाव लावू, म्हणजे लोक येतील."

"कुणाचं तरी?" मी म्हटलं. "बाई, यांचा उजवा खांदा बोटभर खाली आहे, तो इथे दिसतोय बघा. तुमच्या त्या कुणाला तरी आणा आणि यात झोपवून दाखवा."

"अग्निया, पुरे," रोदिओन येगोरिच म्हणाले. "नाव माझं नाही, तर आसनही इथे नाही. तिकडून धर."

दोघांनी ते बसथांब्यापर्यंत उचलून नेलं. दम लागला म्हणून गवतावर ठेवलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, बूट काढले आणि गुडघे पोटाशी घेऊन आत उताणे झोपले.

"सैल झालंय गं."

"आसन कसं सैल होईल? तुम्ही आटलात."

खांद्यापाशी माझी चार बोटं सहज आत गेली. मी डोक्यावरचा रुमाल सोडला, घडी केली आणि पाठीमागे सरकवली.

"आता?"

"आता बसलं," ते म्हणाले, आणि दोन्ही हात छातीवर घेतले.

तेवढ्यात बस आली. मी ड्रायव्हरला हातानंच खूण केली, जा म्हणून.